क्रम, कारण आणि साक्ष : होगार्थच्या चित्रमालिकांतील नैतिक कथन

१

काव्याची प्रयोजने सांगताना मम्मटाने उपदेशाचाही त्यांत अंतर्भाव केला आणि त्याचे तीन प्रकार मानले. वेदादी शास्त्रे धन्याप्रमाणे आज्ञा करतात, पुराणे व इतिहास मित्राप्रमाणे हित सांगतात, काव्य प्रियेप्रमाणे मन वळवते. प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कांतासंमित या तीन संज्ञांमुळे कला आणि नीती यांच्या संबंधाचा प्रश्न आपल्या परंपरेत बराच काळ मिटल्यासारखा वाटत आला. मराठीत फडके-खांडेकरांच्या निमित्ताने गाजलेल्या वादातही चर्चेचा भर कलेने बोध करावा की करू नये यावरच राहिला. बोध करणारा आणि तो स्वीकारणारा यांच्यात नाते तरी किती प्रकारचे असू शकते, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. उपरोधप्रधान कलाकृतीसमोर मात्र तो टाळता येत नाही. उपरोधाला आज्ञेचा अधिकार नसतो, मित्राच्या सल्ल्यातील आपुलकीही त्यात क्वचितच असते, आणि प्रियेचे आर्जव त्याच्या स्वभावातच नाही. मग तो आपल्याला नीती सांगतो ती कोणत्या नात्याने?

हा प्रश्न विचारण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ (१६९७-१७६४) याच्या चित्रमालिकांइतके सोयीचे आणि त्याच वेळी अडचणीत टाकणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. सोयीचे अशासाठी, की आपण नैतिक विषय हाताळतो असे होगार्थ उघडपणे म्हणे. अडचणीचे अशासाठी, की त्याच्या उत्तम चित्रमालिका पाहून झाल्यावर त्यांचे तात्पर्य सांगू गेले तर ते चित्रांपेक्षा फार लहान भरते. ‘वाईट मार्गाला लागलेल्याचा शेवट वाईट होतो’ हे सांगण्यासाठी सहा ताम्रपटांचा आणि शेकडो तपशिलांचा खटाटोप कशासाठी? तात्पर्य आणि चित्र यांच्यातील या तफावतीलाच होगार्थच्या नैतिक कथनाचे मर्म मानावे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

२

चित्रकलेला कथा सांगता येते काय, हा जुना वाद आहे. लेसिंगने ‘लाओकोऊन’ (१७६६) या ग्रंथात चित्र आणि काव्य यांची क्षेत्रे वेगळी केली. अवकाशात एकत्र नांदणाऱ्या वस्तू हा चित्राचा विषय, काळात एकामागून एक घडणाऱ्या क्रिया हा काव्याचा विषय, अशी ही वाटणी आहे. एकट्या चित्राने फार तर एक अर्थगर्भ क्षण निवडावा. होगार्थने हा ग्रंथ निघण्यापूर्वी तीन दशके या अडचणीतून एक वाट काढली होती. त्याने एका क्षणाऐवजी सहा, आठ किंवा बारा क्षण निवडले आणि ते ओळीने मांडले. आपले चित्र हा आपला रंगमंच आणि चित्रातील स्त्रीपुरुष हे आपले नट, अशा आशयाचे त्याचे आत्मनिवेदन प्रसिद्ध आहे. पण रंगमंचाची ही उपमा एका बाबतीत अपुरी पडते. नाटकात दोन प्रवेशांमधील काळाचा उलगडा पात्रांच्या बोलण्यातून होतो. येथे दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेबद्दल कोणीही काही बोलत नाही. ती जागा पाहणाऱ्याला भरावी लागते.

‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ (१७३२), म्हणजे एका वेश्येची वाटचाल, ही या प्रकारातील त्याची पहिली मोठी कृती. सहा चित्रांच्या एका संचाला एक गिनी असा भाव असूनही हजाराहून अधिक वर्गणीदार तिला मिळाले. मूळ तैलचित्रे १७५५ मध्ये फॉन्टहिल येथील आगीत नष्ट झाली, त्यामुळे आज आपल्यासमोर आहेत ते केवळ ठसे. पहिल्या चित्रात यॉर्कहून आलेल्या मालगाडीतून मॉल हॅकबाउट ही खेड्यातील मुलगी लंडनच्या एका खानावळीच्या अंगणात नुकतीच उतरली आहे. समोर उभी असलेली प्रौढ स्त्री तिची हनुवटी हाताने उचलून पाहते आहे, बाजारात जनावर पारखावे तशी. मागे दारात एक श्रीमंत पुरुष उभा आहे. बाजूला घोड्यावर बसलेला पाद्री एका पत्रावरचा पत्ता वाचण्यात गढला आहे आणि त्याचा घोडा मातीची भांडी पाडतो आहे. मॉलच्या सामानात एक मारलेला कलहंस दिसतो, टेम्स स्ट्रीटवर राहणाऱ्या नातेवाइकासाठी भेट म्हणून आणलेला. तो नातेवाईक चित्रात कोठेही नाही.

समकालीन प्रेक्षकांनी त्या स्त्रीत कुंटणखाना चालवणारी एलिझाबेथ नीडहॅम आणि त्या पुरुषात कर्नल फ्रान्सिस चार्टरिस यांना ओळखले होते. चार्टरिसला १७३० मध्ये आपल्या मोलकरणीवरील बलात्काराबद्दल देहान्ताची शिक्षा झाली आणि राजाने ती माफ केली. नीडहॅमला १७३१ मध्ये चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली, तेव्हा जमावाने केलेल्या माऱ्यानंतर ती मरण पावली. हे ठाऊक असलेला प्रेक्षक तिसऱ्या चित्राकडे येतो. ड्ररी लेनमधील हलक्या खोलीत बसलेल्या मॉलच्या हातात चोरीचे घड्याळ आहे आणि दारातून न्यायाधिकारी सर जॉन गॉन्सन शिपायांसह आत येत आहे. चौथ्या चित्रात ती ब्राइडवेलच्या तुरुंगात अंबाडी कुटते. पाचव्यात गुप्तरोगाने मरत असताना दोन वैद्य आपापल्या औषधांवरून भांडत आहेत, आणि कोणी एक बाई तिची पेटी उचकते आहे. सहाव्यात तिची शवपेटी ठेवली आहे. तिच्यावरील पत्र्यावर लिहिले आहे की मृत्यूसमयी तिचे वय तेवीस होते.

क्रम स्पष्ट आहे. कारण मात्र स्पष्ट नाही. नियतकथेचे सर्व बळ या दोहोंना एकच मानण्यात असते. नंतर आले म्हणून त्यामुळे आले, असा हेत्वाभास ती आपल्या गळी उतरवते. मालिकेचे शीर्षकही त्याच दिशेने ओढते. ‘प्रोग्रेस’ हा शब्द तत्कालीन वाचकाला जॉन बनयनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ची (१६७८) आठवण करून देणारा होता. हरी केशवजींनी या ग्रंथाचा मराठी अनुवाद १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने केला. यात्रिकाच्या क्रमणात प्रत्येक पाऊल यात्रिक स्वतः उचलतो. मोह आणि निवड दोन्ही त्याचीच. मॉलच्या क्रमणात पहिले पाऊल कोणाचे? पहिल्या चित्रात तिने उचललेले पाऊल एवढेच, की ती गाडीतून खाली उतरली आहे. हनुवटी दुसरीने धरली आहे, वाट पाहणारा तिसराच आहे, ज्याने पाहावयास हवे होते तो पाद्री पत्र वाचतो आहे, आणि ज्याने न्यावयास यावयास हवे होते तो आलेलाच नाही.

शीर्षक एका व्यक्तीचा दोष सांगते आणि चित्रातील गर्दी अनेकांच्या वर्तनाची नोंद करते. पहिल्या व तिसऱ्या चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत प्रेक्षकाला एक अप्रिय वाक्य स्वतःच जुळवावे लागते : बलात्काऱ्याला माफी देणारी व्यवस्था घड्याळ चोरणाऱ्या मुलीच्या दारात मात्र वेळेवर पोचते. हे वाक्य होगार्थने कोठे लिहिलेले नाही. या मालिकेतील चित्रांखाली पद्येही नाहीत. ध्वनिवादी परिभाषेत बोलावयाचे तर शीर्षकातील नीती हा वाच्यार्थ आहे आणि व्यंग्यार्थ त्याच्या विरोधात उभा आहे. ध्वनिकाव्यात वाच्यार्थ गौण होतो. येथे तो गौण तर होतोच, शिवाय आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा राहतो.

३

हे केवळ आधुनिक वाचकाने लादलेले वाचन आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. होगार्थ स्वतः सुधारणावादी वृत्तीचा गृहस्थ होता. लंडनच्या अनाथ-बालकाश्रमाच्या संस्थापक विश्वस्तांपैकी तो एक होता. दुराचाराला शासन व्हावे याबद्दल त्याच्या मनात संदेह असल्याचे दिसत नाही. मग त्याच्या चित्रांत हा दुसरा अर्थ आपण कोठून आणला? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी होगार्थनेच कोऱ्या जागा बुजवून टाकलेली एक मालिका पाहणे उपयोगी ठरेल.

‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ (१७४७) ही बारा चित्रांची मालिका त्याने तैलचित्रे न करता थेट ठशांसाठीच योजली आणि स्वस्तात विकली. कामावरील उमेदवार पोरांनी ती पाहावी व धडा घ्यावा, हा हेतू त्याने लपवला नाही. स्पिटलफील्ड्समधील विणकराच्या मागांवर दोन उमेदवार बसले आहेत. फ्रान्सिस गुडचाइल्ड काम करतो, टॉम आयडल झोपा काढतो. पहिला मालकाच्या मुलीशी लग्न करून अखेर लंडनचा महापौर होतो, दुसरा टायबर्नच्या फाशीच्या माळावर पोचतो. प्रत्येक चित्राखाली बायबलमधील वचन छापले आहे. येथे क्रम हेच कारण आहे, आणि त्यावर धर्मग्रंथाची मोहोर आहे. नावांतच निकाल लागलेला असल्याने पात्रांना काही करावयाचे उरत नाही. ही मालिका शुद्ध प्रभुसंमित आहे. ती पाहताना आपण मान डोलावतो, पण अस्वस्थ होत नाही.

तरीही दहाव्या चित्रात एक गोष्ट घडते. टॉम आयडलला न्यायासनासमोर आणले आहे आणि आसनावर गुडचाइल्ड आहे. जुन्या सोबत्याला पाहून त्याने तोंड फिरवले आहे आणि हाताने डोळे झाकले आहेत. मागे टॉमच्या साथीदाराकडून शपथ घेवविली जात आहे. ती तो डाव्या हाताने घेतो आहे आणि एक बाई कारकुनाच्या हातात पैसे सरकवते आहे. चित्राखालचे वचन न्यायाबद्दल बोलते आणि चित्र न्यायाधीशाच्या झाकलेल्या डोळ्यांबद्दल. हे करुणेचे लक्षण मानावे, की ज्याकडे पाहणे कर्तव्य आहे त्याकडे न पाहण्याचे? उपदेश करावयास बसलेल्या होगार्थलाही पाहण्याची सवय सोडता आलेली नाही. तात्पर्य त्याचे असते, डोळा मात्र तात्पर्याचे ऐकत नाही. ‘हार्लट्स प्रोग्रेस’मधील दुसरा अर्थ आपण बाहेरून आणलेला नाही, याचा पुरावा येथे मिळतो. जेथे होगार्थने तो सर्व बाजूंनी बंद केला तेथेही तो एका फटीतून आत आला आहे.

४

परंतु ‘पाहणे’ ही गोष्ट नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. होगार्थच्या चित्रमालिकांचा खरा पेच येथे आहे.

‘द अ‍ॅनॅलिसिस ऑफ ब्यूटी’ (१७५३) या आपल्या सौंदर्यशास्त्रीय ग्रंथात होगार्थने नागमोडी रेषेला सौंदर्याची रेषा म्हटले. तिच्या आनंदाचे कारण देताना तो पाठलागाच्या प्रवृत्तीकडे वळतो. माणसाला शोध घेण्यात, मागोवा काढण्यातच सुख वाटते आणि गुंतागुंतीची रचना डोळ्याला असा पाठलाग करायला लावते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा विचार रेषेविषयीचा असला तरी त्याच्या चित्रमालिका आपण नेमक्या याच सुखाने पाहतो. ‘मॅरिज अ ला मोड’च्या (तैलचित्रे सुमारे १७४३, ठसे १७४५) पहिल्या चित्रात विवाहाचा करार चालू आहे. संधिवाताने सुजलेला पाय स्टुलावर टेकवून उमराव आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतो आहे, वर आरशात स्वतःला न्याहाळतो आहे, वकील वधूशी कुजबुजतो आहे आणि कोपऱ्यात दोन कुत्री एका साखळीने जखडलेली आहेत. ती कुत्री सापडली की आपल्याला बरे वाटते. दुसऱ्या चित्रात नवऱ्याच्या खिशातून डोकावणारी बाईची टोपी हुंगणारा लहान कुत्रा सापडला की आणखी बरे वाटते. एका घराचा नाश होत असताना आपण कोडे सोडवल्याचा आनंद घेत असतो.

चार्ल्स लॅमने १८११ मध्ये होगार्थवर लिहिताना त्याचे ठसे पाहावयाचे नसून वाचावयाचे असतात, हा विचार रूढ केला. समीक्षेने त्यावर पुढे मोठी इमारत उभी केली. ‘वाचणे’ या शब्दाने मात्र एक गोष्ट झाकली जाते. वाचणारा कोठून वाचतो आहे आणि त्या वाचनाची किंमत कोण देतो आहे, हे त्या शब्दात येत नाही.

होगार्थला या गोष्टीची जाणीव होती असे मानण्यास ‘अ रेक्स प्रोग्रेस’मधील (ठसे १७३५) शेवटचे चित्र भाग पाडते. कंजूष बापाची संपत्ती उधळणारा टॉम रेकवेल सातव्या चित्रात फ्लीटच्या कर्जतुरुंगात आहे. होगार्थचे वडील रिचर्ड हे लॅटिनचे जाणकार होते; त्यांचे कॉफीगृह बुडाल्यावर कर्जापायी त्यांनाही याच तुरुंगात दिवस काढावे लागले होते. त्यामुळे कर्ज फेडता न येणे हा सरळसरळ दुराचार आहे, असे मानणे या चित्रकाराला तरी सोपे नव्हते. आठव्या चित्रात टॉम बेडलम या वेड्यांच्या रुग्णालयात साखळदंडात, अर्धनग्न, जमिनीवर पडला आहे. पहिल्याच चित्रात त्याने जिला सोडून दिले ती सारा यंग त्याच्याजवळ रडते आहे. आणि मागे उंची पोशाखातील दोन स्त्रिया उभ्या आहेत. त्या काळी बेडलम पाहावयास जाणे ही लंडनमधील एक करमणूक होती. एकीने चेहऱ्याआड पंखा धरला आहे, पण त्याआडून ती पाहते आहे.

या दोन स्त्रिया म्हणजे आपण, असे म्हटले तर ते फार सोपे होईल. पण या चित्रात पाहण्याच्या दोनच जागा आहेत, आणि पैसे देऊन संच विकत घेणाऱ्या वर्गणीदाराला त्यांपैकी एकीत उभे राहावेच लागते. सारा पाहते तेव्हा तिचे हात टॉमच्या अंगावर आहेत. त्या स्त्रिया पाहतात तेव्हा त्यांचे हात पंख्यावर आहेत. आठ चित्रे मागोवा काढण्याच्या सुखात पार केल्यावर आपले हात नेमके कोठे होते, हा प्रश्न होगार्थ विचारीत नाही. चित्राची रचना तो विचारते. १७६३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने हा ताम्रपट पुन्हा हाती घेतला आणि भिंतीवर ब्रिटानियाची प्रतिमा असलेले मोठे नाणे कोरले. जणू ज्यांना आपण रुग्णालयाच्या बाहेर समजत होतो त्यांनाही त्याने आत ओढले.

५

साक्षीदार खोटाही असू शकतो, हेही येथेच नोंदवले पाहिजे. ‘हार्लट्स प्रोग्रेस’च्या दुसऱ्या चित्रात मॉलला ठेवणारा धनिक ज्यू दाखवला आहे आणि त्याला हास्यास्पद करण्यासाठी होगार्थने तत्कालीन पूर्वग्रहाचाच आधार घेतला आहे. त्याच खोलीत चहाचे भांडे घेऊन उभा असलेला कृष्णवर्णीय मुलगा दीर्घकाळ केवळ सजावट म्हणून पाहिला गेला. डेव्हिड डॅबिडीन यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासाने या आकृतींकडे लक्ष वेधले, तोवर दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. होगार्थने त्या मुलाला पाहिले आणि कोरले. पण प्रेक्षकाने त्याला पाहावे अशी सक्ती त्याच्या कथनात नाही. उपरोधाचा प्रकाश सर्वांवर सारखा पडतो, हा भ्रम आहे. ज्याच्यावर हसण्याची समाजाला आधीच सवय असते त्याच्यावर तो विनासायास पडतो. हे मान्य करूनही चित्रात नोंद राहिली, आणि नोंद राहिली म्हणूनच पुढच्या पिढीला ती वाचता आली, एवढे म्हणता येईल.

अखेरचे उदाहरण ‘द फोर स्टेजेस ऑफ क्रुएल्टी’ (१७५१) या चार ठशांचे घेऊ. सेंट जाइल्स परगण्यातील धर्मादायावर वाढलेला टॉम नीरो पहिल्या चित्रात कुत्र्याचे हाल करतो. एक मुलगा आपल्या हातातील खाऊ देऊ करून त्याला थांबवू पाहतो आहे. दुसऱ्या चित्रात टॉम कोसळलेल्या घोड्याला मारतो आहे. गाडीत मात्र भाडे वाचवण्यासाठी दाटीवाटीने बसलेले वकील आहेत. तिसऱ्यात त्याने आपल्या प्रेयसीचा खून केला आहे. चौथ्यात फाशीनंतर त्याच्या प्रेताचे शल्यवैद्यांच्या सभागृहात विच्छेदन चालले आहे आणि खाली पडलेल्या हृदयाला एक कुत्रा तोंड लावतो आहे. कुत्र्यापासून कुत्र्यापर्यंत वर्तुळ पूर्ण होते. काव्यगत न्याय याहून नेमका कसा असणार? खुन्याचे प्रेत विच्छेदनासाठी देणारा कायदा लगोलग, १७५२ मध्ये, अमलात आला. म्हणजे चित्र आणि राज्य येथे एकाच बाजूला होते. होगार्थलाही या मालिकेचा विशेष अभिमान होता.

पण शीर्षकातील संख्या मोजावी. क्रौर्याच्या अवस्था चार आहेत. पहिल्या तीन टॉमच्या, आणि चौथ्या अवस्थेत टॉम मेलेला आहे. प्रेत क्रूर असू शकत नाही. मग चौथी अवस्था कोणाच्या क्रौर्याची? वर उंच आसनावर प्रमुख शल्यवैद्य न्यायाधीशासारखा काठी रोखून बसला आहे, भोवती विद्वान मंडळी आपसात बोलत आहेत, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलेले नाही. चित्राखालील पद्य याला शिक्षा म्हणते. शीर्षक, कदाचित होगार्थच्या इच्छेविरुद्ध, त्याला चौथी पायरी म्हणते. पहिल्या चित्रात खाऊ पुढे करणाऱ्या मुलाची जागा चौथ्यात कोणीच घेतलेली नाही.

मम्मटाच्या तीन प्रकारांत बसत नाही असे नाते आपण शोधीत होतो. त्याला साक्षिसंमित असे नाव देता येईल. आज्ञा पाळली की संपते, सल्ला मानला की संपतो, आणि प्रियेने मन वळवले की मन शांत होते. साक्ष ऐकणाऱ्याची सुटका मात्र ऐकण्याने होत नाही. त्याला निर्णय द्यावा लागतो आणि त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. होगार्थची उत्तम चित्रे नीती सांगतात म्हणून नैतिक ठरत नाहीत. दोन चित्रांमधील कारण आपणच पुरवावे लागते, आणि आपण कोणते कारण पुरवले यावरून आपली परीक्षा होते. मॉलच्या मृत्यूचे कारण कोणी तिचा स्वभाव म्हणून सांगेल, कोणी तिच्या हनुवटीवरील हात म्हणून सांगेल. दोन्ही उत्तरांना चित्रात आधार आहे. सहाव्या चित्रात शवपेटीभोवतीची माणसे दारू पितात, चोरी करतात, आणि पाद्रीचा हात शेजारणीच्या झग्याखाली आहे. सर्वांच्या पुढे, मॉलचा लहान मुलगा सुतकाच्या पोशाखात बसून भोवऱ्याशी खेळतो आहे. त्याच्याकडे कोणीही पाहत नाही. सातवे चित्र होगार्थने काढले नाही.